मदत हवी आहे: वेलांटी उलटी वाचणारं मूल आणि जोडीला कन्नड

खानापूर तालुक्यातल्या (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) मराठी शाळेतला तिसरीचा मुलगा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). चित्रकार्डांवरचे चाळीसेक शब्द तो अख्खे ओळखतो, पण अक्षर जोडून नवा शब्द वाचत नाही. 'किती'चं 'इकती' होतं. कारण सरळ आहे: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, उच्चार मात्र नंतर. जे दिसतं ते क्रमानं वाचणाऱ्या मुलाची यात चूक नाहीच!

सध्या काना आणि दुसरी वेलांटी पक्की करून मगच पहिली घेतोय. वेलांटी लाल, अक्षर काळं. 'कि' एकाच कार्डावर, सुटं करत नाही. एका बैठकीत चार कार्डं, दहा मिनिटं. लेखन मोठ्या चौकटीच्या वहीत, कारण चार रेघांत कुठली रेघ धरायची तेच त्याला कळत नाही.

अडलंय ते कन्नडपाशी. तिथे शिरोरेषा नाही, जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली जातं, रफार अक्षरानंतर येतो. मराठी जोडाक्षरं होईपर्यंत कन्नड फक्त तोंडी ठेवावं का? की वेगळ्या रंगाच्या कार्डांवर, वेगळ्या वेळी लिपी सुरू करावी? दोन्ही लिप्या शिकवलेल्या बाई-सरांनी कृपया क्रम सांगा. शब्दांची यादी असेल तर फारच बरं.