गॅसवरचा नवा फोर्कलिफ्ट येतोय. थांबावं की बॅटरीचा घ्यावा?

फाउंड्रीवाला, उद्यमबाग
प्रोपेनवर चालणारा नवा तीन टनी फोर्कलिफ्ट येणार म्हणून डीलरकडं दोनदा जाऊन आलो. मी त्याचीच वाट बघायलोय. सध्या आमच्याकडं डिझेलचा आहे. जून लागला की पाऊस वाऱ्यासकट शेडमध्ये शिरतो, दोन्ही शटर ओढून घ्यावी लागतात. मग धूर जाणार कुठं? संध्याकाळी ऑपरेटर नाक पुसतो, तो रुमाल काळा निघतो. बॅटरीचा पण बघितला. लेड-ॲसिड बॅटरी आठ तास चार्जिंगला, वर थंड व्हायला वेळ, आणि आमच्या दोन पाळ्या. गॅसची टाकी पाच-दहा मिनिटांत बदलून होते.

मेंटेनन्सवाला, मच्छे
आण्णा, तुमच्या शेडमध्ये मोल्डिंगचा पिट आहे की. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळला तर वर जात नाही, खड्ड्यात जाऊन बसतो. आणि शेजारी १३००-१४०० अंशांचा धातूचा रस ओतायलेत! शिवाय धूर दिसत नाही म्हणजे विष नाही, असं समजू नका. इंजिनातलं गॅस-हवेचं मिक्श्चर बिघडलं की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला ना रंग, ना वास. डिझेलचा धूर निदान डोळ्यांत जातो, माणूस बाहेर पळतो.

वखारवाला, निपाणी
तंबाखूच्या बोदांना कसलाही वास लगेच लागतो. आम्ही बॅटरीचाच घेतला, एक पाळी, रात्री चार्जिंग. मला गॅसचं आकर्षण कळत नाही.

फाउंड्रीवाला, उद्यमबाग
तुमची एक पाळी आहे, म्हणून जमतं. पिटचं मात्र पटलं. ओतकामाकडं गाडी नेणारच नाही, फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करतो ती जागा) ते डिस्पॅच एवढीच चालवेन. पण डिझेल नको म्हणजे नको. तो धूर माझी माणसं खायलेत.

ऑपरेटर, होनगा
मी आधीच्या कारखान्यात गॅसचा चालवलाय. चालवायला उत्तम, खरंच. पण टाकी सीटमागं आडवी बसते, कॉलरच्या खाचेत पिन गेलीच पाहिजे, तरच सेफ्टी व्हॉल्व्ह वरच्या बाजूला राहतो. नव्या पोरानं ती उलटी बसवली होती, मी बघितलं म्हणून निभावलं. एकदा भरलेल्या टाक्या आल्या नाहीत, तर घरचं १४.२ किलोचं सिलिंडर लावायला सांगितलं. त्यातनं वायू येतो, ह्या गाडीला टाकीतनं द्रव लागतो. मी नाही म्हणालो, दिवसभर गाडी उभी. मालक, मशीनच्या आधी टाक्यांचं बघा.

फाउंड्रीवाला, उद्यमबाग
हे कुणी सांगितलंच नव्हतं. ॲडव्हान्स थांबवतो. भरलेल्या टाक्या बेळगावात कोण देणार, आपल्याकडच्या प्रोपेन-ब्युटेन मिसळलेल्या एलपीजीवर इंजिन चालणार का, आणि टाकी बदलायचं ट्रेनिंग कोण देणार, हे डीलरकडून लेखी आल्यावर इथं टाकतो.