पहाटे पाचला गड चढा म्हणणाऱ्यांनो, तेव्हा नळाला पाणी येतं

गोडोलीची सून: काल इथे एकांनी लिहिलं, "वेळ नाही म्हणणारे सगळे आळशी. पाचला उठा, अजिंक्यतारा चढा, सातला घरी." वाचून डोकंच फिरलं. पाचला आमच्याकडे पाणी येतं. मग डबे, सासूबाईंचं इन्सुलिन, नवऱ्याची एमआयडीसीची पहिली पाळी, आणि नऊला माझं ऑफिस. गडावरून उतरल्यावर ज्यांच्या हातात चहा येतो, तो कोण करतं हे त्या पोस्टमध्ये कुठंय? व्यायाम मलाही हवाय. म्हणून ऑफिसचे तीन मजले जिन्याने चढते, डबा खाल्ल्यावर पोवई नाक्यापर्यंत चालून येते, रात्री भांडी आवरली की ओट्याला हात टेकून जोर काढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सलग दहा मिनिटांची अट काढली. आठवड्याला १५० मिनिटं झाली पाहिजेत, तुकड्यातुकड्यांनी झाली तरी.

गडकरी_सातारा: ती पोस्ट माझी. १५० हा कमीत कमी आकडा आहे ताई, ३०० पर्यंत जा म्हणतात. आणि जिने चढता ते चांगलं, पण तेवढ्यावर थांबू नका. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) अंतिम फेरी धावली. त्या दुष्काळी भागात तिला काय सोयी होत्या?

गोडोलीची सून: ती खेळाडू. तिचा सराव हेच तिचं काम होतं. मला ऑलिंपिक नाही, साखर आटोक्यात हवीय.

माणदेशी: ललिताचं नाव दर वेळी का मध्ये आणता? आमच्याकडे बाया हंडे वाहतात म्हणून त्या तंदुरुस्त, असंही लोक बोलतात. माझ्या आईचे गुडघे त्याच हंड्यांनी गेले. काम म्हणजे व्यायाम नव्हे.

यवतेश्वर_घाट: मूळ अडचण वेगळीच आहे. गडाच्या रस्त्यावर चालायचं कसं? रविवारी वर गाड्यांची रांग, धूर, हॉर्न. ज्यांना चालायचंय तेच कठड्याला चिकटून जीव मुठीत धरून जातात. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट बंद ठेवता येतो, मग गडाचा रस्ता रोज आठपर्यंत का नाही?

मंगळाई_भक्त: आणि आमच्या म्हाताऱ्यांनी काय करायचं? वडिलांना चढ झेपत नाही, गाडीनेच गडावरच्या मंगळाई देवीच्या दर्शनाला नेतो. गड तुमच्या बुटांसाठी बांधलाय का?

यवतेश्वर_घाट: वडिलांना कोण अडवतंय! टवाळ पोरं सायलेन्सर काढून वर जातात, त्यांच्याबद्दल बोलतोय.

मंगळाई_भक्त: मग तसं लिहा ना. बंदी लागली की पहिलं आमच्यासारख्यांनाच अडवतात.

गडकरी_सातारा: दोघांचंही पटतं. वयस्करांना सूट द्या, बाकीच्यांनी खाली 'चार भिंती' स्मारकापाशी गाड्या लावा आणि पुढे चाला.

पाळीवाला: मी रात्रपाळी करून सातला घरी येतो. तुमचे ते पाच वाजता माझ्यासाठी अर्धी रात्र असते. वाचून वाचून आधी वर्षभर काहीच केलं नाही, कारण पहाट जमत नव्हती. आता संध्याकाळी कामावर निघण्याआधी सूर्यनमस्कार घालतो. पहाटेचं खूळ डोक्यातून काढलं तेव्हा सुरू झालं.

गोडोलीची सून: हेच तर सांगतेय! आणि अजून एक. पाणी नसतं तरी मी पाचला एकटी गडावर गेले नसते. अंधार, कुत्री, आणि मागून हळू चालणारी मोटारसायकल. पुरुषांना हे सांगावं लागतं.

गडकरी_सातारा: ते माझ्या डोक्यात नव्हतं, मान्य. पण वेळ असून मोबाइल बघत लोळणारे खूप आहेत, आळशी हा शब्द त्यांच्यासाठी ठेवणारच. तुमच्यासाठी नाही. आणि ओट्यावरचे जोर सोपे जायला लागले की पलंगाच्या काठावर हात टेकून काढा, नाहीतर ताकद तिथंच थांबेल. आठवड्यात दोनदा ताकदीचा व्यायाम व्हावा, हेही तुमच्याच संघटनेनं लिहिलंय.

गोडोलीची सून: पलंगाचं करून बघते. गाड्यांसाठी नगरपालिकेला निवेदन लिहिणार असाल तर सही माझीही घ्या, पण त्यात रस्त्यावरच्या दिव्यांचं आधी लिहा.