'वाडा चिरेबंदी'तला भास्कर : दागिन्यांच्या प्रवेशात नजर कुठे ठेवायची?

कपाशीवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या हौशी मंडळींनी यंदा महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' हे नाटक धरलंय आणि भास्करचं काम माझ्याकडे आलंय. एलकुंचवार मूळचे आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. घरातलं बोलणं वऱ्हाडी, त्यामुळे पाठांतर जड गेलं नाही. अडलंय ते माणसापाशी.

आमचे दिग्दर्शक म्हणतात, "भास्कर हावरा आहे, तसाच दाखव. बाप गेला आणि यानं घरातलं सोनं दाबलं, आणखी काय पुरावा पाहिजे?" मला हे पटत नाही. मीही घरातला मोठा आहे. वडील गेल्यावर सातबारा, सोसायटीचं कर्ज, सालदाराचा पगार, पाहुण्यारावळ्यांचा चहा, सगळं माझ्याकडे आलं. धाकटे सणाला येतात आणि विचारतात, "दादा, कापसाचे किती आले?" किती गेले, ते कोणी विचारत नाही. भास्करकडेही त्याच्या वडिलांनी, तात्याजींनी, काय ठेवलं? वाड्याचं नाव आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. तेरवी मात्र देशपांड्यांच्या इभ्रतीला शोभेल अशीच व्हायला पाहिजे. मुंबईचा धाकटा भाऊ सुधीर चार दिवस येऊन परत जाईल. गावाला तोंड द्यायला भास्करच उरतो.

पण म्हणून त्याला निर्दोष दाखवावं, असंही मला म्हणायचं नाही. बहीण प्रभाला शिकायचं होतं, तात्याजींनी शिकू दिलं नाही, आणि आता घराच्या किल्ल्या हातात आल्यावरही हा तिच्यासाठी काही करत नाही. चंदू तर सख्खा भाऊ असून घरगड्यासारखा राबतो. हे भास्करला दिसत नाही असं नाही. दिसतं आणि तो ते चालू देतो.

माझी अडचण आहे ती रात्रीच्या प्रवेशात. वहिनी, म्हणजे भास्करची बायको, घरचे सगळे दागिने अंगावर चढवते आणि भास्कर तिच्याकडे बघतो. दिग्दर्शकांना तिथे डोळ्यांत लोभ हवाय. मला वाटतं, जन्मभर चुलीपुढे वाळलेल्या बायकोत त्याला त्या घडीला वाड्याची जुनी पत दिसते, आणि ती आपण तिला कधीच देऊ शकलो नाही हेही दिसतं. सोनं सगळ्या भावंडांचं आहे हे माहीत असूनही तो हे क्षणभराचं सुख घेतो. पुढे त्यांची मुलगी रंजू तेच दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते. तोवर प्रेक्षकांनी भास्करला चोर ठरवलं असेल, तर ते "बरं झालं" म्हणून मोकळे होतील. पोरगी गेलेल्या बापाचं दुःख त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही.

कोणी हे काम केलंय का? त्या प्रवेशात मी नेमकं बघू कुठे?

वडशाचा_नट

भाऊ, मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या नाटकांत, काम करतो. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की नाटकंही सुरू होतात, रात्रभर चालतात. खलनायक मंचावर पाय ठेवतो तेव्हाच मांडवातल्या म्हाताऱ्या त्याला शिव्या घालतात. त्याचीही एक मजा आहे, पण तुमचा भास्कर त्या जातीचा नाही.

दागिन्यांकडे बघूच नका. वहिनीकडे बघा, आणि मधून मधून दाराकडे. आवाज खाली ठेवा. वस्तू ज्याच्या हक्काची असते तो स्वतःच्या घरात कुजबुजत नाही. एवढं केलं की लोभ वेगळा दाखवावा लागणार नाही. बायकोवरची माया तर तिच्याकडे बघण्यातच येईल. आणखी एक. वहिनी दागिने घालत असताना तुम्ही हात लावून मदत करू नका. लांब बसा. जवळ गेलात की तो प्रवेश नुसता नवराबायकोच्या लाडाचा होतो.

अचलपूरची_माहेरवाशीण

दादा, तुमचं सगळं वाचलं. भास्करच्या डोक्यावरचं ओझं तुम्ही नीट मोजलंय, म्हणून हे लिहिते. मीही हक्कसोडपत्रावर सही केलेली बहीण आहे.

हे नाटक १९८५ मध्ये रंगमंचावर आलं. तेव्हा १९५६ च्या वारसा कायद्याने लेकीला बापाच्या हिश्श्यात वाटा होता, पण राहत्या घराची वाटणी मागायचा हक्क नव्हता. भाऊ वाटणी करतील तेव्हाच तिला मिळायचं. ते कलम थेट २००५ साली निघालं. म्हणजे वाड्याच्या बाबतीत प्रभा कागदावरसुद्धा भावांच्या मर्जीवर होती. भास्कर सुधीरला फसवतो असं सगळे म्हणतात, पण सुधीरला नोकरी आहे, बायको आहे, मुंबईत घर आहे. त्या दागिन्यांच्या पेटीत खरा जीव अडकलाय तो प्रभाचा आणि चंदूचा. ज्यांना बोलता येत नाही त्यांचं तो घेतो. तुमच्या समोर पुढच्या रांगेत सगळे मोठे भाऊच बसलेले असणार. ते भास्करसाठी हळहळतील आणि घरी जाऊन निवांत झोपतील, असं होऊ देऊ नका.

त्याची माया खरी असू द्या. फक्त आधीच्या प्रवेशांत प्रभाशी बोलताना एकदाही तिच्या डोळ्यांत बघू नका. मग रात्री बायकोकडे डोळे भरून बघाल, तेव्हा बायामाणसांना बरोबर कळेल.

वर्ध्याचा_पुण्यात

मी आमच्या घरातला सुधीर. त्याला साधा समजू नका, तोही हिशोब घेऊनच आलेला असतो. तो बोलत असताना भास्करने मध्ये बोलू नये, पूर्ण ऐकून घ्यावं. मोठा भाऊ गप्प बसला की आमचा आवाज आपोआप चढतो.

कपाशीवाला_दारव्हा

ताई, प्रभाच्या डोळ्यांत न बघण्याचं उद्याच्या तालमीत करून बघतो. प्रभाचं काम आमच्या अंगणवाडीच्या मॅडम करतात, त्यांनाही तुमचं लिहिलेलं वाचायला देतो. दिग्दर्शकांशी दाराकडे बघण्याबद्दल फोनवर बोललो, ते कबूल झाले. पण लांब बसलो तर कुजबूज मागच्या सतरंजीपर्यंत जायची कशी? आमच्याकडे एकच माईक आहे, तोही मधोमध टांगलेला. वडशाचे भाऊ, तुम्ही हे कसं सांभाळता?

वडशाचा_नट

वहिनीची जागा माईकखाली ठेवा आणि तिची वाक्यं मोकळ्या आवाजात येऊ द्या. तुमची दोनचार वाक्यं ऐकू नाही गेली तरी चालतील. ती दचकून दाराकडे बघते एवढं मागच्यांना दिसलं की झालं.