रबाडाने बंदी भोगली, आता आपण कसला हिशेब मागतोय?

रात्रपाळीवाला (धागाकर्ता)
दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज कगिसो रबाडाचं नाव निघालं की आमच्या ग्रुपवर कुणीतरी ‘कोण, तो गर्दुल्ला?’ असं टाकतोच. वर चार जण दात काढतात. म्हणून हा धागा.

प्रकरण थोडक्यात. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टी-२० लीगमध्ये एमआय केपटाउनकडून खेळताना दिलेल्या नमुन्यात नशेचं द्रव्य सापडलं. एप्रिलच्या सुरुवातीला तो आयपीएलमधला गुजरात टायटन्स संघ सोडून अचानक मायदेशी गेला. कारण सांगितलं ‘वैयक्तिक’. मे महिन्यात त्याने स्वतःच खरं काय ते सांगितलं आणि माफी मागितली.

२०२१ पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांत कोकेन, हेरॉइन, एमडीएमए आणि गांजातलं टीएचसी यांचा वेगळा गट आहे. स्पर्धेबाहेर घेतलं आणि खेळाशी त्याचा संबंध नव्हता हे खेळाडूने सिद्ध केलं तर बंदी तीन महिन्यांची, उपचार घेतले तर एकाच महिन्याची. रबाडाने ती भोगली. जूनमध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाचे नऊ गडी बाद केले. चेंडूचा वेग वाढावा म्हणून त्याने काही घेतलं नव्हतं. नियमाने शिक्षा दिली, विषय मिटला. त्याच्या सुट्टीच्या रात्रीचा पंचनामा करणारे आपण कोण?

नेटमास्तर
साफ असहमत. ‘वैयक्तिक कारण’ म्हटल्यावर कुणाला वाटेल, घरात कुणी आजारी असेल. महिनाभर लोकांना त्याच समजुतीत ठेवलं. ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार टिम पेन तेव्हा रेडिओवर बोलला की ही वैयक्तिक बाब नव्हेच, आणि बरोबर बोलला.

मी पोरांना गोलंदाजी शिकवतो. त्यातला एक, वय वर्षं तेरा, रबाडाचा रनअप जसाच्या तसा मारतो, शेवटच्या उडीसकट. बातमी आल्यावर त्याने विचारलं, “सर, एकच महिना? मग त्यात एवढं काय?” तुमचा ‘विषय मिटला’ पोरांच्या डोक्यात असा पोचतो.

पॅव्हेलियन एंड
मास्तर, साक्षीदार कोण आणलात? टिम पेन? याच पेनने २०१७ मध्ये सहकारी महिलेला अश्लील मेसेज पाठवले होते. २०१८ मध्ये चौकशी झाली, बोर्डाने क्लीन चिट दिली आणि प्रकरण गुंडाळून ठेवलं. हा गडी कर्णधार म्हणून फिरत राहिला. २०२१ मध्ये ॲशेसच्या (इंग्लंडविरुद्धच्या कसोटी मालिकेच्या) तोंडावर बातमी फुटली तेव्हा कुठे त्याने कर्णधारपद सोडलं. तीन वर्षं गुप्तता चालली आणि रबाडाचा एक महिना खुपला. आपला तो बाळ्या...

साताऱ्याचा स्पिनर
पेन सोडा हो, हेल्सचं बघा. २०१९च्या विश्वचषकाला महिना उरला होता. इंग्लंडचा सलामीवीर ॲलेक्स हेल्स दुसऱ्यांदा नशेच्या चाचणीत सापडला, एकवीस दिवसांची बंदी. इंग्लिश बोर्डाच्या धोरणात हे गुप्त राहायचं होतं, पण वर्तमानपत्रात फुटलं आणि त्याला संघातून काढलं. कर्णधार मॉर्गन म्हणाला, विश्वास उडाला. त्यानंतर तीन वर्षं तो इंग्लंडच्या संघात नव्हता.

आता त्याच्या शेजारी त्याच संघातल्या बेन स्टोक्सला उभा करा. २०१७ मध्ये ब्रिस्टलला नाइटक्लबबाहेर मारामारी. हेल्सही तिथेच होता. स्टोक्सची ॲशेस गेली, कोर्टाने निर्दोष सोडलं आणि २०१९च्या फायनलला तोच इंग्लंडचा हिरो. दारू पिऊन रस्त्यावर राडा केलेला चालतो, कारण दारू म्हणजे ‘संस्कृती’. खोलीत बसून दुसरं काही घेतलं की चारित्र्य काढायचं!

(हेल्स परत आला तो कसा, हे आपल्याला सांगायला नको. ॲडलेड, नोव्हेंबर २०२२, टी-२० विश्वचषकाचा उपांत्य सामना, आपल्याविरुद्ध इंग्लंड बिनबाद १७०, त्यात याच्या ८६. अजून पोटात दुखतं.)

नेटमास्तर
माझ्या हाती असतं तर मी स्टोक्सलाही बसवला असता. दोघांनाही. पेन ढोंगी असेल, म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

काळा कोट
एक बाजू राहिलीच. आपल्याकडे ‘खासगी’ असं काही नसतं. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नुसतं सेवनही गुन्हा आहे. कोकेन, हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत कैद. स्वतःहून उपचारांना जाणाऱ्याला कलम ६४अ खाली सवलत मिळू शकते, पण वाडाचा एक महिना दाखवून इथे सुटका नाही. धागाकर्ते क्रीडा नियम आणि फौजदारी कायदा यांची गल्लत करतायत.

रात्रपाळीवाला
वकीलसाहेब, गल्लत लोक करतात. बॉक्सर विजेंदर सिंग आठवा. २०१३ मध्ये पंजाब पोलीस म्हणाले, त्याने हेरॉइन घेतलं. नाडा (आपली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) म्हणाली, स्पर्धेबाहेर हेरॉइनची चाचणी आमच्या नियमात बसत नाही. शेवटी क्रीडा मंत्रालयाच्या सांगण्यावरून चाचणी झाली आणि काही सापडलं नाही. तोवर ऑलिम्पिक पदकवाल्याला चव्हाट्यावर उभं करून झालं होतं. ‘काही सापडलं नाही’ ही बातमी किती जणांच्या लक्षात आहे?

आणि मास्तर, त्या पोराला खरं तेच सांगा ना. एक महिना, कारण तो उपचारांना गेला. गेला नसता तर तीन. खेळासाठी स्टिरॉइड घेतलं असतं तर सहसा चार वर्षं.

नेटमास्तर
हे पटण्यासारखं आहे, सांगतो त्याला. पण ‘वैयक्तिक कारण’ ही थाप कशाला मारली, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. बंदी आहे एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

पॅव्हेलियन एंड
बंदी म्हटल्यावर लोकांनी संध्याकाळपर्यंत स्टिरॉइड ठरवलं असतं, मास्तर. ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू शेन वॉर्न २००३ मध्ये चाचणीत सापडला तेव्हा त्याने सांगितलं होतं, आईने दिलेली बारीक होण्याची गोळी. कोण हसायचं राहिलं?