भाड्याने दिलेल्या घराचं अंगण : कमी निगेची कोणती झाडं टिकली?

पुण्यात सिंहगड रोडला आमचं छोटं रो-हाउस आहे, भाड्याने देतो. पुढे 10 बाय 8 फुटांची मातीची जागा. करार 11 महिन्यांचा, आणि नेमकं मे महिन्यात घर रिकामं राहतं. गेल्या वर्षी हौसेनं हिरवळ आणि सहा गुलाब लावले. जूनमध्ये जाऊन पाहिलं तर सगळं उभं वाळलेलं, फार वाईट वाटलं. भाडेकरूंनी रोज पाणी घालावं अशी अट मला पटत नाही. तुमच्याकडे काय जगलं, काय गेलं, मोकळेपणाने लिहा.

सोलापूरहून
ताई, डोळे मिटून सदाफुली लावा. आमच्या भाड्याने दिलेल्या घरी नळाला पाणी चार दिवसांआड येतं, तरी ती बारमाही फुलते. पानं कडू, त्यामुळे फाटक उघडं राहिलं तरी शेळ्या तोंड लावत नाहीत. बारीक शेंगा वाळून उकलतात, मोहरीहून लहान काळं बी पडतं आणि पहिल्या पावसानंतर फरशीच्या फटीतूनसुद्धा रोपं वर येतात. मी एकदाच चार रोपं आणली होती, आता वाटून संपत नाहीत. फक्त पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात.

नागपूरहून
बोगनवेल. पाणी जास्त झालं तर नुसता पाला वाढतो, ताण दिला की बहरते. मात्र काटे असतात, येण्याजाण्याच्या वाटेवर नको.

रत्नागिरीहून
आमचं दुखणं उलटं, पावसाचं. कोरफड दोनदा कुजली. कर्दळ मात्र पाण्यात उभी राहते. उन्हाळ्यात पानं करपली तरी खाली कंद जिवंत असतो, मृगाच्या सरी आल्या की लालसर कोंब वर. तुमचा मे महिना ती जमिनीखाली काढेल.

ठाण्याहून, भाडेकरूच्या बाजूने
तीन घरं बदलली. खरं सांगते, मालकांच्या शोभेच्या झाडांना पाणी घालायचं राहून जायचं. पण एका घरी गवती चहा आणि कढीपत्ता होता. सकाळी चहाला दोन पाती कापायला मागच्या दारी जायचेच, तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी हातात असायचं. ते घर सोडताना गवती चहाचा एक ठोंब मागून घेतला. रोजच्या उपयोगाचं झाड लावा, मग ते झाड राहणाऱ्याचं स्वतःचं होतं.

पुन्हा सोलापूरहून
एक राहिलं. कण्हेर चिवट आहे, पण पानाफुलांसकट सगळी विषारी. पुढचा भाडेकरू लहान मूल घेऊन आला तर? मी आमची उपटली.

पुण्याहून
सगळ्यांचे मनापासून आभार. कुंपणाकडेची बोगनवेल, मोरीच्या पाण्याशी कर्दळ, स्वयंपाकघराच्या दाराशी गवती चहा आणि कढीपत्ता असं ठरवलंय. मधली जागा सदाफुलीला. रोपं मेमध्ये नाही, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लावते, म्हणजे मुळं धरायला चार महिने पावसाचे मिळतील. ओल टिकावी म्हणून बुंध्याशी नारळाच्या शेंड्या पालथ्या घालायचा विचार आहे. कुणी केलंय का, वाळवी लागते का?