प्रतिसाद: भाचीची किडनी संशोधनातली उन्हाळी इंटर्नशिप

तुमची भाची जळगावला बीएस्सी बायोटेक करतेय आणि उन्हाळ्यात किडनीवर काम शोधतेय, म्हणून दोन गोष्टी. इथे आधी कुणी सुचवलेल्या अमेरिकेतल्या एनआयएचच्या (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था) उन्हाळी इंटर्नशिपला तिथलं नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागतं, त्यात वेळ घालवू नका. आयसीएमआर या आपल्याकडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची एसटीएस ही विद्यार्थी-संशोधन योजना एमबीबीएस-बीडीएसवाल्यांची. तिच्यासाठी सरळ मार्ग म्हणजे देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून असलेली समर फेलोशिप. मुदत दोन महिने, अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरायचा. एप्रिलमध्ये जागं होऊन उपयोग नाही.

विषय मात्र आपल्याकडचाच घ्यावा असं माझं मत. नंदुरबारकडे भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक रक्ताचा आजार) आहे आणि तो किडनीलाही धरतो. लघवी घट्ट करण्याची ताकद आधी जाते, पुढे अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत गळू लागतं. लघवीतल्या एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे (किडनी बाहेर टाकते तो स्नायूंतला टाकाऊ पदार्थ) ते 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. दुसरा विषय केळीच्या बागेतले मजूर. मे महिन्यात रावेर-यावलच्या उन्हात दिवसभर राबून अंगात पाणी कमी पडतं, त्याचा रक्तातल्या क्रिएटिनिनवर काय परिणाम होतो ते कामाआधी आणि कामानंतर मोजता येईल.

फक्त एक सांभाळा. क्रॉनिक किडनी डिसीज (सीकेडी, किडनीचा जुनाट आजार) म्हणायला बिघाड किमान 3 महिने टिकावा लागतो. दोन महिन्यांच्या प्रोजेक्टात 'इतक्यांना सीकेडी सापडला' असं लिहिलं तर परीक्षक पहिलं तेच पकडतील. (आणि बरोबरच पकडतील.) रक्त-लघवीचे नमुने घ्यायचे तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी. ती मिळायला वेळ लागतो, तेव्हा गाईड दिवाळीआधीच गाठा.