लेस्टरमध्ये एका वॉर्डातून दोन-तीन नगरसेवक निवडून येतात. ही पद्धत आपल्या बेळगाव महापालिकेत मराठी माणसाच्या उपयोगाची ठरेल का?

शहापूरकर (प्रश्न)

नमस्कार. माझी भाची इंग्लंडमधील लेस्टर शहरात राहते. तिच्याकडे भारतीय पासपोर्ट असूनही, राष्ट्रकुल देशाची नागरिक म्हणून तिला तेथील स्थानिक निवडणुकीत मतदानाचा हक्क आहे. मे २०२३ मध्ये झालेल्या सिटी कौन्सिलच्या निवडणुकीनंतर तिने आपल्या वॉर्डाचे निकालपत्रक मला पाठवले. त्यात तीन उमेदवारांच्या नावांपुढे ‘निवडून आले’ असे लिहिले आहे, आणि सर्व उमेदवारांच्या मतांची बेरीज केली तर ती मतदान केलेल्या लोकांच्या दुपटीहून अधिक भरते. आधी मला वाटले की आकडे उतरवताना चूक झाली असावी. भाचीने सांगितले की प्रत्येक मतदाराला तीन मते असतात.

हे निकालपत्रक मी आमच्या गल्लीतील पंचांच्या बैठकीत दाखवले. तेव्हा एका ज्येष्ठांनी असे मत मांडले की बेळगाव महापालिकेच्या ५८ वॉर्डांतून एकेक नगरसेवक निवडण्याऐवजी मोठे वॉर्ड करून तीन-तीन निवडले, तर जेथे मराठी मतदार चाळीस टक्के आहेत तेथेही तिघांपैकी एक तरी आपला येईल. ऐकायला हे पटते, परंतु गणित तसेच चालते का, याची मला खात्री वाटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

खानापूरचा माजी पंचायत सदस्य

शहापूरकर, आपण विचारलेली पद्धत पाहायला लेस्टरला जाण्याची गरज नाही. ती खानापूर तालुक्यातील खेड्यांत आहे. आपल्या ग्रामपंचायतीत एका वॉर्डातून दोन, तीन किंवा चार सदस्य निवडायचे असतात, मतदाराला जागा तितकी मते मिळतात आणि एका उमेदवाराला एकच मत देता येते. इंग्लंडमधील बहुसदस्य वॉर्डाचा नियम हाच आहे. फरक इतकाच की आपल्याकडे त्या जागांपैकी काही महिलांसाठी आणि मागास वर्गांसाठी राखीव असतात, तेथे राखीव जागा हा प्रकारच नाही. आणि आपल्या ग्रामपंचायतीत पक्षाचे चिन्ह चालत नाही, तेथे मात्र मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापलेले असते.

आता चाळीस टक्क्यांचे गणित. समजा वॉर्डात ३००० मतदार मतदान करतात. १८०० एका बाजूचे आणि १२०० दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजूंनी तीन-तीन उमेदवार उभे केले आणि प्रत्येकाने आपल्या तिघांना मते दिली, तर पहिल्या बाजूच्या तिघांनाही १८०० मते पडतात आणि दुसऱ्या बाजूच्या तिघांना १२००. तिन्ही जागा पहिल्या बाजूला! १२०० लोकांनी शहाणपण करून दोन मते सोडून दिली आणि एकाच उमेदवाराला मत दिले, तरी त्याला १२०० च पडणार. म्हणजे ही पद्धत अल्पसंख्याकाला वाटा देत नाही, उलट बहुसंख्याकाला वाट्याहून अधिक देते. आपल्या भाचीच्याच शहरात २०१९ मध्ये ५४ पैकी ५३ जागा एकट्या लेबर पक्षाला मिळाल्या होत्या आणि उरलेली एक लिबरल डेमोक्रॅटला. इतर पक्षांना मते पडली नव्हती असे नव्हे. ती कोठेच पहिल्या दोघा-तिघांत बसली नाहीत. २०२३ मध्ये वारे फिरले तेव्हा लेबर ३१ वर आला.

एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे. एकाच जागेसाठी दोन मराठी उमेदवार उभे राहून एकमेकांची मते खातात, हा जो आपला जुना रोग आहे, त्याला तीन जागांच्या वॉर्डात थोडा उतार पडतो, कारण दोघांनाही सामावून घेता येते. आमच्या पंचायतीत मी हे पाहिले आहे. दोन भावकींचा वाद मारुतीच्या देवळात बसून मिटला, कारण जागा तीन होत्या.

मिडलंड्सहून

मी मूळचा अनगोळचा, सध्या बर्मिंगहॅमला असतो. वरील उत्तर बरोबर आहे. त्यात येथील अनुभवाची भर घालतो.

बर्मिंगहॅममध्ये पूर्वी ४० वॉर्ड होते आणि प्रत्येकातून तीन, असे १२० नगरसेवक होते. २०१८ पासून ६९ वॉर्ड आणि १०१ नगरसेवक आहेत. ३७ वॉर्ड एकसदस्य, ३२ द्विसदस्य. म्हणजे ज्या पद्धतीकडे आपण आशेने पाहत आहात, ती या शहराने सोडून दिली. लहान वॉर्डाचा परिणाम असा की एखादा समाज एका भागात दाटीने राहत असेल, तर त्याला स्वतःचा माणूस निवडणे सोपे जाते. विखुरलेला असेल, तर वॉर्ड लहान असो वा मोठा, त्याच्या हाती काही येत नाही.

म्हणून खरा प्रश्न हद्द कोण आखतो हा आहे. येथे ते काम लोकल गव्हर्नमेंट बाउंडरी कमिशन फॉर इंग्लंड ही संस्था करते, आणि ती सत्तेवरील सरकारला नव्हे तर पार्लमेंटला उत्तरदायी आहे. तीस टक्के वॉर्डांत दर नगरसेवकामागील मतदारसंख्या सरासरीपासून दहा टक्क्यांहून अधिक हलली, किंवा एकाच वॉर्डात ती तीस टक्क्यांहून अधिक हलली, की फेरआखणीचा विचार होतो. आखताना मतदारसंख्येची समानता, वस्तीची ओळख आणि सोयीस्कर कारभार, असे तीन निकष पाहतात. कोणीही रहिवासी लेखी म्हणणे मांडू शकतो, आणि ‘आम्ही सगळे एक आहोत’ एवढे लिहून भागत नाही. मुले कोणत्या शाळेत जातात, लोक बाजाराला कोठे जातात, मधून रेल्वेमार्ग किंवा मोठा रस्ता जातो का, असे पुरावे द्यावे लागतात. आपल्याकडे महापालिकेच्या वॉर्डांची अधिसूचना राज्य सरकारच काढते. हरकती मागवल्या जातात, पण अंतिम निर्णय त्याच हातात राहतो.

उमेदवारी येथे फार स्वस्त आहे. नगरसेवकपदासाठी अनामत रक्कम नाही, आणि अर्जावर वॉर्डातील दोन मतदारांच्या सह्या पुरतात. जाता जाता एक गंमत. मतपत्रिकेवर नावे आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने येतात, त्यामुळे बहुसदस्य वॉर्डात एकाच पक्षाच्या तिघांपैकी वरच्याला जास्त आणि खालच्याला कमी मते पडतात, असे वारंवार दिसते. आपल्या येळ्ळूरकरांना येथे उभे राहायचे असेल तर पहिली अडचण आडनावाचीच!

शहापूरकर

दोघांचेही आभार. पंचांना काय सांगायचे ते आता कळले. तरीही मनात एक प्रश्न राहतो. चाळीस टक्क्यांना तिघांपैकी एक जागा मिळणे न्याय्यच आहे. मग तसे घडवून आणणारी मोजणीची काही रीत आहे की नाही? आणि पुण्याला जे चार नगरसेवकांचे प्रभाग होते, ते काय होते?

चंदगडचा वाचक

पुण्यापुरते सांगतो. २०१७ मध्ये तेथे ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडले गेले, परंतु प्रभागातील जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात आणि प्रत्येक अक्षराची लढत वेगळी असते. एका गठ्ठ्यातून पहिले चार, असे ते नसते. सीमेपलीकडची पद्धत म्हणून ती आपल्या उपयोगाची, असे समजू नये.

खानापूरचा माजी पंचायत सदस्य

रीत आहे, आणि मी तिने मतदान केले आहे. विधान परिषदेच्या बेळगाव स्थानिक संस्था मतदारसंघातून दोन आमदार निवडले जातात. मतदार म्हणजे आम्ही पंचायत सदस्य, नगरसेवक वगैरे. तेथे शिक्का मारायचा नसतो. अधिकाऱ्याने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनने नावापुढे १, २ असा पसंतीक्रम लिहायचा, स्वतःच्या खिशातले पेन काढायचे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये माझ्यापुढचे एक सदस्य ‘एक’ असे अक्षरी लिहू का म्हणून विचारत होते; तसे लिहिले असते तर मत बाद झाले असते.

त्या निवडणुकीचा निकाल पाहावा. सप्टेंबर २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या होत्या. तीनच महिन्यांनी या दोन जागांपैकी एक काँग्रेसला आणि एक अपक्षाला गेली, भाजपला एकही नाही. मतदार निराळे होते, त्यात खेड्यांतील पंचायत सदस्यच बहुसंख्य, हे खरे. परंतु दोन जागा दोन वेगळ्या बाजूंना गेल्या, हे लक्षात घ्यावे. आपल्या ३००० मतदारांच्या उदाहरणात याच पद्धतीने तीन जागा भरायच्या, तर ३००० ला चाराने भागून एक मिळवायचा. हा झाला कोटा, म्हणजे निवडून येण्यास लागणारी मते: ७५१. कोट्याहून जास्तीची मते त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. १८०० वाल्यांना दोन जागा, १२०० वाल्यांना एक. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून नगरसेवक असेच निवडतात, बहुतेक वॉर्डांतून तीन किंवा चार. इंग्लंडने मात्र ते स्वीकारलेले नाही.

शहापूरकर

कोट्याचे हे गणित मी कागदावर मांडून पाहिले आणि ते पटले. मिडलंड्सहून लिहिणाऱ्यांच्या सांगण्यावरून काल आमच्या वॉर्डाचा नकाशाही उघडला. हद्दीची रेघ आमच्या गल्लीच्या मधोमध गेली आहे. डाव्या हाताची घरे एका वॉर्डात, उजव्या हाताची दुसऱ्या. पाण्याचा नळ, गणपतीचा मांडव आणि पंचांची वही मात्र दोन्ही बाजूंना मिळून एकच आहे. पुढील फेरआखणीच्या हरकतीत लिहिण्यासाठी मी त्या वहीतील घरांची यादी उतरवून घेत आहे.